जुन्या सीआरटी प्रोजेक्टरमधील पिक्चर ट्यूबचा दोष कसा शोधावा

सीआरटी (कॅथोड-रे ट्यूब) प्रोजेक्टरमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक पिक्चर ट्यूब असते. अशा तीन ट्यूबांच्या प्रोजेक्टरमध्ये एखादा रंग नाहीसा झाला, फिका पडला किंवा आवरेनासा होऊन पडदाभर पसरला, की ‘ट्यूब गेली’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. हा निष्कर्ष अनेकदा घाईचा असतो, कारण ट्यूब चांगली असताना तिचे सॉकेट, तिला चालवणारा ट्रान्झिस्टर, तिच्यापर्यंत येणारी उच्च व्होल्टेजची तार किंवा तिच्या तोंडावरचा द्रव यांपैकी काहीही बिघडले तरी पडद्यावर दिसणारे चित्र जवळजवळ तसेच असते. ट्यूब ही या यंत्रातील सर्वांत महाग, नव्याने मिळायला सर्वांत अवघड आणि बदलायला सर्वांत कष्टाची वस्तू आहे; म्हणून तिच्यावर संशय सर्वांत शेवटी घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी लागणारी मोठी सोय यंत्रातच आहे. लाल, हिरवा आणि निळा असे तीन जवळजवळ सारखे मार्ग शेजारी शेजारी चालत असतात आणि त्यांतला एक बिघडला असेल तर उरलेले दोन आपल्याला नेमके आकडे सांगायला तयार असतात. सर्किटचा नकाशा हाताशी नसला तरी या तुलनेच्या बळावर बराच शोध पूर्ण होतो.

आधी रचना थोडक्यात लक्षात घेऊ. जुन्या रंगीत टीव्हीच्या ट्यूबमध्ये तीन इलेक्ट्रॉन गन आणि आत जाळीदार मास्क असतो; येथे मात्र प्रत्येक ट्यूब एकरंगी असते, तिच्यात एकच गन आणि एकाच रंगाचा फॉस्फर, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळल्यावर उजळणारा लेप, असतो. ट्यूबचा आकार साधारणपणे ७, ८ किंवा ९ इंच असतो आणि एवढ्याशा तोंडावरून मोठा पडदा उजळायचा असल्यामुळे तिला इलेक्ट्रॉन तोंडाकडे खेचणारे अॅनोड व्होल्टेज ३० ते ३५ हजार व्होल्टपर्यंत दिले जाते. तोंडाची काच तापून तडकू नये म्हणून तिच्यापुढे इथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणाचा थर बंद कप्प्यात भरलेला असतो आणि त्याच्या पुढे भिंगांचा संच येतो. मागच्या बाजूला, ट्यूबच्या बारीक मानेवर, सॉकेटसह एक छोटे सर्किट बसवलेले असते. त्याला नेक बोर्ड म्हणतात. मानेच्या आत हीटर, त्याने तापून इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड, त्यांचा प्रवाह आवरणारी पहिली ग्रिड, त्यांना पुढे ओढणारी दुसरी ग्रिड आणि किरण बारीक करणारा फोकसचा भाग असतो. दुसऱ्या ग्रिडला दुरुस्ती करणारे लोक ‘स्क्रीन’ म्हणतात आणि पुढे मीही तोच शब्द वापरणार आहे. काही यंत्रांत फोकस कित्येक हजार व्होल्ट देऊन केला जातो, तर मोठ्या यंत्रांत बहुधा मानेभोवतीच्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राने.

झाकण उघडण्यापूर्वी

यंत्र बंद केले आणि प्लग काढला तरी धोका संपत नाही. ट्यूबची काच आणि तिच्यावरचा काळा ग्रॅफाइटचा थर मिळून एक कपॅसिटर तयार होतो आणि तो हजारो व्होल्टचा भार बराच वेळ धरून ठेवू शकतो. काही यंत्रांच्या उच्च व्होल्टेजच्या ब्लॉकमध्ये (तिन्ही ट्यूबांना अॅनोड व्होल्टेज वाटून देणाऱ्या भागात) हा भार उतरवणारा रोध असतो. पण तो शाबूत आहे असे गृहीत धरून हात घालू नये. पॉवर सप्लायच्या मुख्य कपॅसिटरवरही तीनशे व्होल्टच्या आसपास भार राहू शकतो आणि त्या बाजूचा भाग थेट मेनशी जोडलेला असतो. चालू यंत्रावर मोजमाप करायचे असेल तर यंत्राला मेनपासून वेगळे ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरावा, एक हात पाठीमागे ठेवावा, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे आणि खोलीत मदतीला दुसरी व्यक्ती असावी.

अॅनोडचा भार उतरवताना उच्च व्होल्टेज सहन करणारा, मेगाओहमच्या घरातला रोध आणि उत्तम इन्सुलेशनची तार वापरावी. तारेचे एक टोक आधी ट्यूबच्या ग्रॅफाइट थराला टेकलेल्या उघड्या वेणीतारेला पक्के जोडावे, सर्किटच्या कुठल्याही जवळच्या अर्थला नव्हे. अन्यथा तो झटका नाजूक आयसींमधून जातो आणि एका दोषाचे तीन दोष होतात. अनेक प्रोजेक्शन ट्यूबांत अॅनोडची तार ट्यूबलाच कायमची चिकटवलेली असते आणि तिचे दुसरे टोक ब्लॉकमध्ये खोचलेले असते. ते टोक उपसल्यावर त्याच्या धातूच्या शेंड्यावरून भार उतरवावा. एकदा उतरवून थांबू नये, काही मिनिटांनी पुन्हा एकदा तेच करावे, कारण काचेत मुरलेला भार हळूहळू परत वर येतो.

आणखी तीन गोष्टी. ट्यूबमध्ये निर्वात पोकळी असते आणि तिची मान अतिशय नाजूक असते, म्हणून नेक बोर्ड सरळ मागे ओढावे, हलवून किंवा पिळून काढू नये, आणि ट्यूब हाताळताना डोळ्यांना संरक्षक चष्मा असावा. थंड ठेवणारा द्रव चवीला गोडसर पण विषारी असतो. सांडला तर तो लगेच पुसावा आणि मुले व पाळीव प्राणी तिथे फिरकणार नाहीत याची काळजी घ्यावी. अॅनोड व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेपेक्षा वाढवू नये आणि भिंग किंवा द्रव काढलेली ट्यूब कधीही चालू करू नये, कारण द्रवाशिवाय तिची काच तडकू शकते आणि बाहेर येणाऱ्या क्ष-किरणांना रोखणारा एक थरही कमी होतो.

पडद्यावरून दोष ओळखणे

पहिले अर्धे निदान स्क्रूड्रायव्हर हातात न घेता होते. बाहेरून येणारा सिग्नल काढून यंत्राच्या आतलाच चाचणी नमुना लावावा: आधी आडव्या-उभ्या रेषांची जाळी, मग पूर्ण पांढरा पडदा, मग पूर्ण काळा. आतल्या नमुन्यावर सर्व रंग ठीक दिसले, तर दोष सिग्नलमध्ये, केबलमध्ये किंवा आत येणाऱ्या जोडणीत आहे आणि ट्यूबचा विचारच करायची गरज नाही. नमुन्यावरही दोष दिसला, तर दोन भिंगांवर जाड पुठ्ठा धरून एका वेळी एकच रंग पाहावा. तिन्ही रंग एकमेकांवर पडलेले असताना डोळा फसतो. पुठ्ठा धरून पाहिल्यावर कित्येकदा असे आढळते की ज्या रंगावर संशय होता तो निर्दोष आहे आणि शेजारचाच ढेपाळला आहे.

तिन्ही रंग एकाच वेळी गेले असतील तर ट्यूबचा दोष जवळजवळ अशक्य आहे, कारण तीन ट्यूब एकाच दिवशी मरत नाहीत. त्या वेळी पॉवर सप्लाय, उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग किंवा संरक्षक सर्किट यांकडे जावे. तिन्ही रंग आहेत, प्रत्येक रंग सुटा पाहिल्यास तेजस्वी आणि रेखीव आहे, पण ते एकमेकांवर बसत नाहीत किंवा एकाची रेषा धनुष्यासारखी वाकली आहे, तर तो कन्व्हर्जन्सचा दोष आहे. ट्यूब त्यात निर्दोष असते. रंग एका आडव्या रेषेत आकसला असेल तर उभ्या डिफ्लेक्शनचा, म्हणजे किरण वर-खाली फिरवणारा, भाग बंद पडला आहे आणि यंत्र तत्काळ बंद करावे, कारण संरक्षक सर्किट वेळेत चालले नाही तर ती रेषा काही क्षणांत फॉस्फरवर कायमची कोरली जाते.

ट्यूबशी खरोखर संबंध असू शकेल अशी लक्षणे मुख्यतः चार: एक रंग पूर्ण अंधारात जाणे, एक रंग पूर्ण तेजाने पेटून राहणे आणि त्यात तिरप्या परतीच्या रेषा (किरण खालून पुन्हा वर जाताना उमटणाऱ्या) दिसणे, एक रंग फिका किंवा उशिरा येणे, आणि एका रंगाची धार जाणे. यांतील शेवटच्या लक्षणाबाबत एक सावधगिरी सांगितली पाहिजे. निळी ट्यूब अनेक यंत्रांत मुद्दाम किंचित फोकसबाहेर ठेवलेली असते, कारण निळा फॉस्फर जास्त प्रवाहाला लवकर संपृक्त होतो आणि किरण थोडा पसरवला तर त्यातून अधिक प्रकाश मिळतो. म्हणून निळा रंग हिरव्याइतका रेखीव नाही, एवढ्यावरून ट्यूबला दोष देऊ नये.

एक रंग अंधारात गेल्यास

खोलीतले दिवे मालवावेत, मागचे झाकण काढून ठेवावे आणि यंत्र सुरू करून तिन्ही ट्यूबांच्या मानेकडे, हात न लावता, नेक बोर्डाच्या फटीतून पाहावे. चांगल्या ट्यूबमध्ये सॉकेटच्या टोकाजवळ नारिंगी रंगाचा एक लहानसा ठिपका दिसतो. विझत आलेल्या निखाऱ्यासारखा, पण न लुकलुकणारा. दोन मानांत तो आहे आणि तिसऱ्या मानेत नाही, तर हीटरला वीज पोहोचत नाही किंवा हीटर तुटला आहे. यंत्र बंद करून, भार उतरवून, नेक बोर्ड काढावे आणि ट्यूबच्या हीटरच्या दोन पिनांमधला रोध मोजावा. थंड अवस्थेत तो काही ओहम इतकाच असतो. मीटरने अखंड अनंत दाखवले तर हीटर तुटला आहे आणि या ट्यूबला उपाय नाही. रोध इतर दोन ट्यूबांइतकाच आला तर ट्यूब या आरोपातून मुक्त झाली आणि शोध नेक बोर्डावर आला.

येथे एक अनुभव सांगतो. एका प्रोजेक्टरमध्ये लाल रंग सुरुवातीला ठीक असे आणि वीसेक मिनिटांनी मावळत जाई. माझ्याकडे येण्यापूर्वी त्याची लाल ट्यूब बदलून झाली होती, आणि नव्या ट्यूबनेही अगदी तेच केले होते. लाल रंग मावळताच मी मान पाहिली, तर नारिंगी ठिपका त्याच वेळी काळवंडत होता. बोर्ड काढून सोल्डरची बाजू भिंगाखाली धरली, तेव्हा हीटरच्या एका पिनेभोवती केसाइतकी बारीक, काळी, पूर्ण गोल रेघ दिसली. पिन सोल्डरमध्ये उभी होती, पण तिला सोल्डर चिकटलेले नव्हते. तापल्यावर पिन प्रसरण पावे आणि तेवढ्याने संपर्क सुटे. जुने सोल्डर शोषून काढले, पिन घासून स्वच्छ केली, नवे सोल्डर भरले आणि तो रंग परत गेला नाही. काढून ठेवलेली जुनी लाल ट्यूब पूर्णपणे चांगली होती. तेव्हापासून नेक बोर्ड हातात आले की सॉकेटच्या सर्व पिना, व्हिडिओ ट्रान्झिस्टरचे पाय आणि जाड रोधांचे पाय पुन्हा सोल्डर केल्याशिवाय मी ते परत लावत नाही. हीटरचा प्रवाह आणि ट्यूबची उष्णता हे दोन्ही याच जागी एकत्र येतात, त्यामुळे ड्राय सोल्डरचा दोष इथे फार आढळतो.

हीटर पेटलेला आहे आणि तरीही प्रकाश नाही, तर पुढची पायरी मोजमापाची. १००० व्होल्टपर्यंत मोजू शकणारा चांगला मल्टिमीटर घ्यावा, त्याची काळी तार ट्यूबच्या अर्थला क्लिपने पक्की लावावी आणि चालू यंत्रावर एका हाताने एक एक पिन मोजावी. आधी चांगल्या ट्यूबचे आकडे कागदावर लिहावेत, मगच संशयिताकडे जावे. फोकस आणि अॅनोड यांना साधा मीटर कधीही लावू नये. त्यासाठी उच्च व्होल्टेजचा खास प्रोब लागतो. हीटरला जर उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरमधून वीज मिळत असेल तर तेथील आकडा साध्या मीटरवर ६.३ व्होल्ट दिसणार नाही, कारण ती लहर साध्या एसीसारखी नसते; तिथे शेजारच्या ट्यूबशी जुळणारा आकडा आला म्हणजे पुरे.

आकड्यांचा अर्थ लावताना एक गोष्ट उलटी वाटते आणि नवशिक्याची गफलत तिथेच होते. कॅथोडचे व्होल्टेज वाढले की प्रकाश वाढत नाही, कमी होतो. काळ्या पडद्यावर कॅथोड साधारण दीडशे ते दोनशे व्होल्टच्या पट्ट्यात, म्हणजे वर, असतो आणि चित्र उजळेल तसा तो खाली येतो. पहिली ग्रिड शून्याच्या आसपास असते आणि स्क्रीनवर काही शे व्होल्ट असतात. आता समजा, पांढऱ्या नमुन्यावर चांगल्या दोन ट्यूबांचे कॅथोड बरेच खाली आले आहेत आणि संशयित ट्यूबचा कॅथोड वरच अडकून बसला आहे, तर तिला उजळण्याचा हुकूमच मिळत नाही. दोष व्हिडिओच्या मार्गात आहे. कॅथोड योग्य तेवढा खाली आला आहे पण स्क्रीनचे व्होल्टेज शून्याजवळ आहे, तर स्क्रीनचा मार्ग तपासावा: फोकस-स्क्रीनच्या ब्लॉकचे पोटेन्शिओमीटर (व्होल्टेज कमी-जास्त करणारी फिरती कळ), त्यापासून येणारी बारीक तार, आणि सॉकेटजवळचा लहान कपॅसिटर, जो गळका झाल्यास हे व्होल्टेज खाली खेचतो. नेक बोर्ड काढल्यावर स्क्रीनचे व्होल्टेज पूर्ववत झाले, तर गळती ट्यूबच्या आत किंवा सॉकेटमध्ये आहे.

व्हिडिओच्या मार्गाची खात्री करायची सर्वांत सोपी रीत म्हणजे नेक बोर्डाकडे येणारी सिग्नलची केबल शेजारच्या रंगाशी अदलाबदल करून पाहणे, अर्थात यंत्र बंद असताना. लाल अंधारात होता आणि अदलाबदलीनंतर हिरवा अंधारात गेला, तर दोष बोर्डाच्या आधी, मुख्य व्हिडिओ सर्किटमध्ये आहे. लाल होता तिथेच अंधारात राहिला, तर दोष नेक बोर्डापासून पुढे आहे. बोर्डेच अदलाबदल करावीत का, हा प्रश्न नेहमी येतो. काही यंत्रांत तिन्ही बोर्डे सारखी असतात आणि काहींत रंगानुसार एखाद-दुसरा घटक वेगळा असतो. भाग क्रमांक जुळत असल्याची खात्री केल्याशिवाय ती अदलाबदल करू नये.

हीटर, कॅथोड, पहिली ग्रिड आणि स्क्रीन हे चारही आकडे चांगल्या ट्यूबांशी जुळले आणि प्रकाश मात्र शून्य, तर दोनच शक्यता उरतात: अॅनोडची तार उच्च व्होल्टेजच्या ब्लॉकमध्ये नीट बसलेली नाही किंवा ट्यूबची गन संपली आहे. यंत्र बंद करून, भार उतरवून, तारेचे टोक उपसावे. त्यावर हिरवट गंज, काळा डाग किंवा जळाल्याची खूण असेल तर ते स्वच्छ करून, शिफारस केलेले सिलिकॉन ग्रीस लावून पुन्हा पूर्ण आत बसवावे. तारेची लांबी पुरत असेल तर दोन ट्यूबांची टोके ब्लॉकवर अदलाबदल करून पाहावीत. अंधार दुसऱ्या रंगाकडे गेला तर ब्लॉक दोषी. जागच्या जागी राहिला तर आता, आणि आताच, ट्यूबवर बोट ठेवता येते.

एक रंग पेटून राहिल्यास

हे लक्षण भीतिदायक असते आणि त्यात वेळ दवडून चालत नाही, कारण अनावर प्रवाहाने फॉस्फर वेगाने झिजतो. अनेक यंत्रे स्वतःच हा प्रवाह ओळखून बंद पडतात. तेव्हा सुरू करताच दोन-तीन सेकंद एका रंगाचा झोत दिसतो आणि सगळे विझते. मालकाला ते पॉवर सप्लायचे दुखणे वाटते. सुरू होतानाच्या त्या क्षणी भिंगाकडे नव्हे, पडद्याकडे पाहावे. कोणत्या रंगाची चमक आली यावरून दोषी मार्ग कळतो. त्यानंतर त्या ट्यूबच्या स्क्रीनच्या पोटेन्शिओमीटरची मूळ जागा मार्करने खुणावून घ्यावी, ते पूर्ण खाली करावे आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. आता यंत्र चालू राहिले तर जादा प्रवाह त्याच ट्यूबमधून जात होता हे सिद्ध होते, आणि शांतपणे मोजमाप करायला वेळही मिळतो.

या अवस्थेत कॅथोडचे व्होल्टेज शून्याजवळ असेल, तर त्याला खाली कोण खेचते आहे हे शोधायचे असते. यंत्र बंद करून नेक बोर्ड ट्यूबवरून काढावे आणि व्हिडिओ आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे का ते मोजावे. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळते. ट्रान्झिस्टर चांगला असेल तर त्याला सुमारे २०० व्होल्ट पुरवणारा रोध उघडा पडला आहे का ते पाहावे, कारण वर खेचणारा पुरवठाच गेला तर कॅथोड आपोआप खाली बसतो. तोच पुरवठा तिन्ही बोर्डांना सामाईक असेल आणि मुळातच गेला असेल, तर तिन्ही रंग एकदम पेटतात.

बोर्डावर सगळे निर्दोष निघाले तर ट्यूबच्या आतील शॉर्टचा विचार करावा. बोर्ड काढलेल्या ट्यूबच्या पिनांवर हीटर आणि कॅथोड यांच्यात, तसेच कॅथोड आणि पहिली ग्रिड यांच्यात मीटर लावावा. दोन्हीकडे त्याने अनंत रोध दाखवला पाहिजे. मात्र आतला शॉर्ट अनेकदा गन तापल्यावरच होतो, त्यामुळे थंड ट्यूबने दिलेली ग्वाही अपुरी असते. चालू यंत्रावर मानेला प्लास्टिकच्या काडीने अगदी हलकी टिचकी मारल्यावर रंग उसळी घेतो किंवा क्षणभर सुधारतो, तर आतला भाग सैल आहे. गार करणारा स्प्रे मात्र तापलेल्या काचेवर कधीही मारू नये. मान तडकते आणि ट्यूब तिथेच संपते.

हीटर आणि कॅथोड यांचा शॉर्ट असलेली ट्यूब काही काळ वाचवता येते. तिच्या हीटरला स्वतंत्र, अर्थपासून पूर्ण वेगळ्या ट्रान्सफॉर्मरमधून वीज दिली, तर शॉर्ट राहूनही कॅथोड खाली खेचला जात नाही. याची किंमत अशी की त्या तारांचा कपॅसिटन्स कॅथोडला जोडला जातो आणि बारीक तपशील उजवीकडे फरफटल्यासारखे दिसतात. मोठ्या चित्रासाठी ते चालून जाईल, अक्षरे वाचायची असतील तर नाही.

एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. ट्रान्झिस्टर बदलला आणि आठवड्याभरात पुन्हा गेला, तर दोष ट्रान्झिस्टरचा नसतो. ट्यूबच्या आत ठिणगी उडते आहे किंवा सॉकेटमधील संरक्षक स्पार्क गॅप निकामी झाला आहे. अंधारात मान पाहताना जांभळी आभा दिसली, तर ट्यूबमध्ये हवा शिरते आहे. हवा आत गेलेल्या ट्यूबमध्ये काचेवरचा आरशासारखा चकचकीत गेटरचा (आत उरलेली हवा शोषणाऱ्या धातूचा) डाग पांढुरका दुधी होतो. त्यापुढे कोणतेही मोजमाप करण्याची गरज उरत नाही.

रंग फिका पडला असेल तर

सर्वांत आधी भिंग पुसावे. हे सांगणे क्षुल्लक वाटेल, पण वर्षानुवर्षांच्या धुळीचा आणि धुराचा थर प्रकाश खातो आणि काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या अक्षरांभोवती धुके निर्माण करतो. त्यानंतर भिंगातून टॉर्चचा प्रकाश आत सोडून द्रव पाहावा. स्वच्छ द्रवातून ट्यूबचे तोंड काचेच्या पेल्यातल्या पाण्याखाली असावे तसे स्पष्ट दिसते. द्रव गढूळ असेल, त्यात तंतू किंवा बुरशीसारखे ठिपके तरंगत असतील, तर तेजस्वी वस्तूंभोवतीची वलये त्याच्यामुळेच असतात. ट्यूब न बदलता द्रव बदलला, कप्पा शुद्ध पाण्याने धुऊन पूर्ण वाळवला आणि नवे मिश्रण बुडबुडे राहू न देता भरले, तर चित्र किती पालटते हे पाहून समाधान वाटते. काही यंत्रांत द्रव किंवा त्याला लागून असलेले भिंग मुद्दाम रंगीत असते, म्हणून केवळ रंगावरून द्रव खराब ठरवू नये. द्रवाची पातळी खाली गेली असेल तर ट्यूबच्या वरच्या बाजूला हवेचा बुडबुडा बसतो आणि भिंग प्रतिमा उलटी करत असल्यामुळे, समोरच्या पडद्यावर प्रकाश टाकणाऱ्या यंत्रात त्याची सावली चित्राच्या खालच्या काठाशी पडते. तेवढा द्रव गेला कुठे, हे शोधणे मग अपरिहार्य असते. तो बोर्डांवर पाकासारखा चिकट पसरलेला आढळतो आणि तांब्याच्या रेषा खातो.

त्याच टॉर्चने फॉस्फरची झीजही दिसते. यंत्र बंद असताना ट्यूबच्या तोंडावर करड्या किंवा तपकिरी रंगाचा, सरळ कडांचा आयत दिसला, तर तेवढ्या भागात चित्र सतत पडून फॉस्फर आणि काच दोन्ही थकली आहेत. पूर्ण पांढऱ्या पडद्यावर याचा पडताळा मिळतो: निळी झिजली असेल तर मधला भाग पिवळसर दिसतो, हिरवी झिजली असेल तर जांभळट-गुलाबी, आणि लाल झिजली असेल तर निळसर-हिरवा. झिजलेला फॉस्फर परत येत नाही. झीज सौम्य आणि एकसारखी असेल तर त्या रंगाची पातळी थोडी जुळवून काम चालते. कडा ठळक दिसत असतील तर ट्यूब बदलणे एवढाच मार्ग आहे.

भिंग, द्रव आणि फॉस्फर तिन्ही चांगले असून रंग सुरू झाल्यावर कित्येक मिनिटांनी वर येत असेल, आणि उजळ भागांत तपशील विरघळून चंदेरी, चपटा डाग होत असेल, तर कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटण्याची शक्ती उतरली आहे. तरीही आधी त्या ट्यूबच्या हीटरचे व्होल्टेज सॉकेटच्या पिनेवर, बोर्ड लावलेल्या अवस्थेत, मोजावे; एक व्होल्टभर कमी असले तरी हीच लक्षणे दिसतात. ते पूर्ण असेल तर कॅथोड थकला आहे. त्याला जास्त व्होल्टेजचा झटका देऊन ताजे करणारी यंत्रे मिळतात. त्यांनी कॅथोडचा वरचा थर उडतो आणि खालचा उघडा पडतो. कधी काही महिने मिळतात, कधी ट्यूब त्याच क्षणी मरते. बदली ट्यूब हातात आल्यानंतरच हा प्रयोग करावा, त्याआधी नाही.

धार गेल्याच्या बाबतीत थोडक्यात एवढेच. व्होल्टेजने फोकस होणाऱ्या यंत्रात सॉकेटच्या फोकस पिनेवर गंज धरतो आणि तिथे गळती होऊन धार हळूहळू सरकत जाते; सॉकेट बदलले की बरे होते. चुंबकीय फोकसच्या यंत्रात कॉइलचा प्रवाह शेजारच्या रंगाशी ताडून पाहावा.

ट्यूब खरोखरच बदलायची झाल्यास

बदली ट्यूब त्याच प्रकारची, त्याच फॉस्फरची असावी. फक्त इंचांचे माप जुळणे पुरेसे नाही. जुनी ट्यूब सोडवण्यापूर्वी मानेवरच्या डिफ्लेक्शन योकची (किरण वळवणाऱ्या कॉइलच्या संचाची) आणि चुंबकी कड्यांची जागा व कोन मार्करने खुणावावा आणि चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत. नवी ट्यूब लावताना योक शंकूला पूर्ण टेकवावा. मध्ये फट राहिली तर चित्राचे कोपरे काळे पडतात. ग्रॅफाइटच्या थरावरची वेणीतार परत जागेवर ताणून बसली आहे का हे दोनदा तपासावे, कारण ती विसरली तर पहिली ठिणगी नेक बोर्ड घेऊन जाते.

पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीनचे पोटेन्शिओमीटर पूर्ण खाली आणि कॉन्ट्रास्ट निम्म्याहून कमी ठेवावा. हीटर दहा मिनिटे तापू द्यावा, मग काळ्या नमुन्यावर स्क्रीन हळूहळू वर न्यावी आणि परतीच्या रेषा जेमतेम दिसू लागताच किंचित मागे घ्यावी. त्यानंतर चित्र ट्यूबच्या तोंडावर मध्यभागी बसवावे. पडद्यावर ते थोडे सरकलेले वाटले तरी विजेने ओढून जागेवर आणू नये, ट्यूब आणि भिंगाचा कोन बदलून आणावे, म्हणजे फॉस्फर एका कडेला झिजत नाही. फोकस, मग कन्व्हर्जन्स, मग करड्या छटांचा तोल हा क्रम पाळावा. कन्व्हर्जन्सची जाळी तासन्‌तास एकाच जागी उभी ठेवू नये, कारण नव्या फॉस्फरवर तिची खूण लवकर उमटते. मध्ये मध्ये हलते चित्र लावावे. अर्ध्या तासाने स्क्रीनचे आणि कॅथोडचे व्होल्टेज पुन्हा मोजून, इतर दोन ट्यूबांच्या आकड्यांसह आणि यंत्राच्या तासांच्या नोंदीसह, झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून लिहून ठेवावे. पुढच्या वेळी जो कोणी ते झाकण उघडेल, त्याला तुलनेसाठी चांगल्या दिवसाचे आकडे तयार मिळतील.